परराष्ट्र खात्यातली पाऊण तासाची भेट: तयारी, बोलणं आणि अहवाल

दिल्लीहून सूचना येते. ती घेऊन यजमान देशाच्या परराष्ट्र खात्यात जायचं, आपलं म्हणणं मांडायचं, त्यांचं उत्तर ऐकायचं आणि दिवस मावळायच्या आत ते दिल्लीला कळवायचं. दूतावासातल्या सेकंड किंवा फर्स्ट सेक्रेटरीचं काम बरंचसं हेच असतं. शिखर परिषदा आणि हस्तांदोलनाचे फोटो वर्षातले मोजके दिवस. बाकीचं वर्ष अशा पाऊण पाऊण तासाच्या भेटींवर चालतं.

अशा भेटीत निरोप चारदा हात बदलतो. सूचनेच्या कागदावरून तो तुमच्या तोंडी येतो, तुमच्या तोंडून समोरच्याच्या कानी जातो, त्याचं उत्तर तुमच्या वहीत उतरतं आणि वहीतून दिल्लीच्या फायलीत पोचतं. या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही सांडतं. ते कमीत कमी सांडू देणं, एवढ्याला या व्यवसायात संवादकौशल्य म्हणतात. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या माणसाला इथे वेगळा फायदा मिळत नाही. कधी कधी त्याचं वक्तृत्वच आड येतं.

परराष्ट्र सेवेत नव्याने आलेले, मंत्रालयात एखाद्या देशाचा डेस्क सांभाळणारे आणि मुंबईतल्या परदेशी वाणिज्य दूतावासांत काम करणारे स्थानिक अधिकारी, या सगळ्यांना पुढचं उपयोगी पडावं. उदाहरणासाठी धरून चालू, की त्या देशात शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचे व्हिसा अडकले आहेत आणि तुम्हाला त्याबद्दल बोलायला पाठवलं आहे.

सूचना वाचताना

पहिलं ठरवायचं ते हे, की काम कोणत्या जातीचं आहे. नुसतं कळवायचं आहे, काही मागायचं आहे, समोरच्याचं मन चाचपायचं आहे, की निषेध नोंदवायचा आहे? सूचनेत हे दर वेळी स्पष्ट लिहिलेलं नसतं. नसेल तर निघण्यापूर्वी दिल्लीच्या डेस्कला फोन करून विचारा. चाचपायला पाठवलेला अधिकारी मागणी करून परत आला, तर नुकसान मोठं होतं. अधिकृत मागणी एकदा नाकारली गेली की नकार देणारा त्या नकाराला बांधला जातो आणि तीच गोष्ट पुन्हा काढायला बराच काळ थांबावं लागतं. चाचपणीला मुळात नकारच मिळत नाही. ‘अवघड दिसतंय’ एवढं ऐकायला मिळतं आणि दार उघडं राहतं.

दुसरं, भेटायचं कोणाला. माहिती हवी असेल तर डेस्कवरचा अधिकारी पुरतो. मागणी असेल तर संचालक पातळी. पहिल्याच फेरीत राजदूतांना नेऊन बसवलं आणि काम झालं नाही, तर वरची पायरीच उरत नाही. नवख्यांना वाटतं, जितका मोठा माणूस भेटेल तितकं काम लवकर होईल. प्रत्यक्षात मोठा माणूस तुमचा कागद त्याच डेस्कवर खाली पाठवतो, आणि आपल्याला डावललं म्हणून डेस्कवाला नाराज झालेला असतो.

तिसरं, जुनी फाईल. याच विषयावर मागची भेट कधी झाली, त्यांनी कोणते शब्द वापरले, आपली शेवटची नोट, म्हणजे त्यांच्या खात्याला दिलेलं औपचारिक पत्र, कोणत्या क्रमांकाची आणि कोणत्या तारखेची होती, हे पाठ हवं. ‘मागे आम्ही लिहिलं होतं’ म्हणणाऱ्याला ‘आमच्याकडे काही आलेलं दिसत नाही’ असं उत्तर मिळतं. क्रमांक आणि तारीख सांगणाऱ्याला तसं उत्तर देता येत नाही.

राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराची निदान तीन कलमं जवळ असू द्या. कलम ३ मध्ये दूतावासाची कामं दिली आहेत. तिथली परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणं हे त्यातलंच एक. कलम ४१ नुसार यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात लुडबूड करायची नाही आणि सरकारी कामकाज त्यांच्या परराष्ट्र खात्यामार्फत किंवा ठरलेल्या अन्य मंत्रालयामार्फत करायचं. कलम ९ नुसार ते तुम्हाला कारण न सांगता परत पाठवू शकतात.

वेळेचं गणित आणि एकपानी कागद

भेट ४५ मिनिटांची. स्वागत, चहा, ओळखपाळख यात ५ मिनिटं आणि निरोपाला ५. राहिली ३५. दुभाषा असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणजे खरी १७-१८ मिनिटं. त्यातली निम्मी समोरच्याची. तुमच्या वाट्याला येतात ८ ते ९ मिनिटं, आणि त्यातच त्यांच्या प्रश्नांची उत्तरंही द्यायची असतात. म्हणून मांडणी ४ ते ५ मिनिटांत बसली पाहिजे. मिनिटाला ११०-१२० इंग्रजी शब्द या गतीने ते साधारण ५०० शब्द होतात. त्याहून जास्त आणलं, तर शेवटचा मुद्दा, जो बहुतेक वेळा खरी मागणी असतो, दाराशी उभ्या उभ्या सांगावा लागतो.

बरोबर न्यायचा कागद एका पानाचा असावा, ए-फोर आकाराचा, मोठ्या टंकात, एकाच बाजूला छापलेला. वरच्या निम्म्या भागात तीनच मुद्दे, प्रत्येक मुद्दा एका श्वासात म्हणता येईल अशा वाक्यात. मागणी पहिल्या मुद्द्यात ठेवा, पार्श्वभूमी नंतर. आपली घडण उलटी आहे; आधी प्रस्तावना, मग कारणं, मग हळूच विनंती. दुभाष्यामार्फत बोलताना ही रचना मोडून पडते, कारण आपण कशासाठी आलो आहोत हे समोरच्याला बारा मिनिटं कळतच नाही.

कागदाच्या खालच्या भागात, त्यांनी विचारलं तरच बोलायचे मुद्दे. ब्रीफमध्ये यांना ‘इफ रेझ्ड’ म्हणतात. व्हिसाचा विषय असेल, तर ते त्यांच्या नागरिकांना भारताचा व्हिसा मिळायला किती वेळ लागतो हे काढणारच. तो आकडा तुमच्याकडे नसेल तर तिथून पुढची सगळी भेट त्यांच्या विषयावर जाते. कागदाला ‘बोलायचे’ आणि ‘विचारल्यास’ असे दोन ठळक मथळे द्या. घाईत डोळा खाली घसरतो आणि कोणी न विचारलेलं उत्तर तोंडून निघून जातं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा नेहमीचा आहे.

कागद तयार झाला की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं वाक्य नेहमीच छोटं वाटतं.

शब्दांची मात्रा

सडेतोड बोलणं हा आपल्याकडे गुण समजला जातो. परराष्ट्र खात्यात आशय कितीही ठाम ठेवा; आवाज आणि विशेषणं मात्र सूचनेत असतील तेवढीच. ‘चिंता’, ‘तीव्र चिंता’, ‘खेद’, ‘निषेध’ अशी चढती भाजणी असते आणि समोरचा ती मोजत असतो. सूचनेत ‘चिंता’ असताना तुम्ही भरात ‘तीव्र चिंता’ म्हणालात, तर त्यांच्या नोंदीत भारताची भूमिका कडक झाल्याची नोंद होते, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा सहसचिव विचारतो की हे कोणी ठरवलं. उलटही होतं. समोरचा माणूस भला आहे, ओळखीचा आहे म्हणून निषेध ‘थोडी अडचण आहे’ इतका पातळ केला जातो. हा दोष जास्त धोक्याचा, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

मात्रा कशी राखतात हे पाहायचं तर २६ फेब्रुवारी २०१९ चं बालाकोटविषयीचं निवेदन वाचा. तेव्हाचे परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी ते वाचून दाखवलं. कारवाईला त्यात ‘नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह’ म्हटलं होतं, लक्ष्य जैश-ए-मोहम्मदचा तळ असल्याचं सांगितलं होतं आणि नागरिकांची हानी टाळण्याचा हेतूही नोंदला होता. एकेका शब्दाने कारवाईची हद्द आखली आहे. असं निवेदन घ्या, त्यातलं एकेक विशेषण खोडून पाहा आणि अर्थ कुठे सरकतो ते समासात लिहा. हा सराव पंचवीस व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतो.

गतीबद्दल एवढंच, की सावकाश. १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन काश्मीरवर जवळपास आठ तास बोलले होते. आज आमसभेच्या सर्वसाधारण चर्चेत देशांच्या प्रमुखांनाही १५ मिनिटांची मर्यादा पाळायची विनंती केलेली असते. वेळ कमी म्हणून भरभर बोलण्याकडे कल होतो आणि तिथेच दुभाषा मागे पडतो.

दुभाष्याबरोबर

रूढ पद्धत अशी, की प्रत्येक बाजू आपला दुभाषा आणते आणि तो आपल्या माणसाचं बोलणं समोरच्यांच्या भाषेत नेतो. म्हणजे तुमच्या शब्दांची जबाबदारी तुमच्याच माणसाकडे असते. त्याला भेटीआधी वीस मिनिटं द्या. तो एकपानी कागद, व्यक्तींची नावं, पदनामं, संस्थांची पूर्ण नावं आणि सगळे आकडे आधी दाखवा. ‘गुप्त आहे’ म्हणून दुभाष्यापासूनच कागद लपवणारे अधिकारी असतात. मग ऐन भेटीत तो अडखळतो आणि दोष त्याच्यावर येतो.

दोन किंवा तीन वाक्यं बोला आणि थांबा. विचार पुरा झाला की थांबायचं, वाक्याच्या मध्ये नाही. नजर समोरच्या अधिकाऱ्याकडे ठेवा, दुभाष्याकडे नको. म्हणी, क्रिकेटची भाषा आणि विनोद घरी ठेवा. ‘नाकारता येणार नाही असं नाही’ अशी दुहेरी नकाराची वाक्यं भाषांतरात हमखास उलटी होतात.

आकड्यांचा घोटाळा सर्वांत जास्त. लाख-कोटी बाहेर चालत नाही. १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १ लाख कोटी म्हणजे १ ट्रिलियन. हे रूपांतर आधी करून कागदावर लिहून न्या, तोंडी करू नका. चिनी आणि जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते, त्यामुळे तिथला दुभाषा तुमच्या मिलियनचंही पुन्हा रूपांतर करत असतो. आकडा मोठा असेल तर चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे सरकवा. तारखा सांगताना महिन्याचं नाव घ्या. ३/४ हे कोणाला ३ एप्रिल वाटतं, कोणाला ४ मार्च.

त्यांची भाषा तुम्हाला येत असली, तरी औपचारिक मांडणी दुभाष्यामार्फत करण्यात फायदा आहे. त्यांचं बोलणं तुम्ही दोनदा ऐकता आणि उत्तराला अर्ध्या मिनिटाची सवड मिळते. मात्र भाषा येत नसल्याचा बहाणा करू नका. तो कधीतरी उघडा पडतो आणि मग तुमच्यासमोर कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

आपल्या अंगवळणी पडलेल्या दोन सवयी इथे नडतात. ऐकताना ‘येस, येस’ म्हणत राहणं हा आपला हुंकार असतो. समोरच्या नोंद घेणाऱ्याला ती संमती वाटते. दुसरी सवय मान डोलावण्याची. डावी-उजवीकडे डोललेली मान कोणाला नकार वाटते, कोणाला होकार. बल्गेरियात तर परंपरेने मान वरखाली हलली की ‘नाही’. ऐकताना मान स्थिर ठेवा, हातात पेन ठेवा आणि लिहीत राहा. लिहिणारा माणूस ऐकतो आहे हे कोणत्याही देशात कळतं.

अनपेक्षित प्रश्न

सूचनेत नसलेला विषय निघाला तर भूमिका रचू नका. जाहीर झालेली, सरकारच्या निवेदनात असलेली माहिती तुम्ही सांगू शकता. त्यापुढचं दिल्लीला कळवतो म्हणा, आणि प्रश्न गुंतागुंतीचा असेल तर लेखी मागा. अपमान वाटेल म्हणून ‘मला माहीत नाही’ टाळू नका. अंदाजाने दिलेलं उत्तर त्यांच्या फायलीत भारताचं उत्तर म्हणून बसतं.

पण गप्प बसणंही चालत नाही. समजा संचालक बोलता बोलता म्हणाले, ‘तुमच्या बाजूने मान्यच केलंय की अर्ज अपूर्ण होते.’ तुम्ही तसं मान्य केलेलं नाही. तिथल्या तिथे, शांतपणे म्हणायचं: ‘आमच्याकडे तशी नोंद नाही. मी तपासून कळवतो, पण आज आम्ही हे मान्य केलं असं समजू नये.’ बहुपक्षीय मंचावर तर मौनाला थेट किंमत असते. मसुदा ‘सायलेन्स प्रोसिजर’खाली ठेवला, की ठरलेल्या वेळेपर्यंत कोणी आक्षेप घेतला नाही तर तो संमत झाला असं धरतात. दिल्ली आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेतला फरक विसरल्यामुळे आक्षेप उशिरा पोचू शकतो. म्हणून अशी मुदत कळताच ती भारतीय वेळेत बदलून डेस्कला पाठवायची.

वही

हा भाग शिकवणारे कमी आणि चुकणारे जास्त.

भेटीला दोघं जात असाल तर एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त लिहायचं. लिहिणाऱ्याने मध्ये बोलू नये, अगदी दुरुस्तीसाठीसुद्धा, चिठ्ठी सरकवावी. फोन बहुतेक ठिकाणी बाहेरच ठेवावे लागतात आणि रेकॉर्डिंग शिष्टाचारात बसत नाही, त्यामुळे वही हाच पुरावा.

पानाच्या डावीकडे तीन बोटं रुंद समास आखा. समासात वेळ आणि बोलणाऱ्याचं आद्याक्षर, उजवीकडे मजकूर. ओळी आडव्या भरत जाण्यापेक्षा एकाखाली एक, पायऱ्यांसारख्या लिहा: कोण, काय करणार, कशाचं, कधी. प्रत्येक मुद्द्यानंतर आडवी रेघ. खुणा स्वतःच्या ठरवा, पण त्या बदलू नका. वाढलं, घटलं यांना बाण, देशांना चौकट, जोर देऊन म्हटलं तर खाली दोन रेघा, आणि अवतरणचिन्ह फक्त तेव्हाच, जेव्हा शब्द जसेच्या तसे लिहिले असतील.

सगळं लिहून होत नाही. मग काय सोडायचं? शुभेच्छा, जुन्या मैत्रीचे दाखले, आपण स्वतः बोललेलं. ते कागदावर आहेच. काय कधीच सोडायचं नाही? आकडे, नावं, तारखा आणि क्रियापदं. सगळा खेळ क्रियापदांत आहे. ‘करू’, ‘करू शकू’, ‘करण्याचा विचार करू’ आणि ‘होईल अशी आशा आहे’ या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. थकलेली वही त्यांना एकच ‘करणार’ करून टाकते. म्हणून क्रियापद ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेत लिहा. इंग्रजीतलं ‘वुड कन्सिडर’ तसंच राहू द्या.

जे बोललं गेलं नाही त्यालाही खूण हवी. तुम्ही मुदत विचारली आणि संचालकांनी विषय बदलला, तर समासात रिकामं वर्तुळ काढा. अहवालात ते वर्तुळ सर्वांत मोलाचं ठरू शकतं.

दूतावासात परतल्यावर दोन तासांच्या आत नोंदी उलगडा. जेवण नंतर. गाडीत दोघांनी आधी चर्चा करू नये, असं आमचं मत आहे. चर्चा झाली की दोघांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात आणि पडताळणीला काही उरत नाही. आधी लिहा, मग ताडून पाहा.

अहवाल

दीड पान पुरे. पहिल्या परिच्छेदात चार ओळींत निकाल: कोण कोणाला भेटलं, काय मागितलं, काय मिळालं, काय मिळालं नाही. दिल्लीतला सहसचिव दिवसाला असे ढीगभर कागद वाचतो आणि बरेचदा इथेच थांबतो. पुढे त्यांचं म्हणणं, तृतीय पुरुषात, भूतकाळात. मग ‘टिप्पणी’ असा वेगळा मथळा आणि त्याखाली तुमचं आकलन. शेवटी पुढची कामं: कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत.

चूक कशी दिसते पाहा. ‘संचालकांनी व्हिसाचा प्रश्न लवकर सोडवण्याचं मान्य केलं.’ वाचायला छान. प्रत्यक्षात घडलं होतं ते असं: ‘संचालक म्हणाले, प्रलंबित अर्जांची यादी मिळाल्यास ते गृहखात्याशी बोलू शकतील. मुदत विचारली असता त्यांनी ती सांगितली नाही.’ पहिल्या वाक्यावर विसंबून दिल्लीने पालकांना आश्वासन दिलं, तर महिन्याभरात तेच वाक्य तुमच्या गळ्यात येतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्वतःच्या मांडणीला पाऊण पान. दिल्लीला आपली भूमिका माहीत आहे; तिनेच ती पाठवली होती. ‘सूचनेप्रमाणे मुद्दे मांडले’ एवढं बस. वेगळं काही बोललात तरच ते लिहा, आणि अगदी प्रामाणिकपणे लिहा, कारण समोरचा देश दिल्लीतल्या स्वतःच्या दूतावासालाही कळवणार असतो. तिसरी चूक म्हणजे नकार शेवटच्या परिच्छेदात लपवणं.

वस्तुस्थिती आणि मत वेगळं ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. २०१० मध्ये अमेरिकी दूतावासांच्या अडीच लाखांवर तारा विकिलीक्सच्या हाती लागल्या. २०१९ च्या जुलैमध्ये ब्रिटनचे वॉशिंग्टनमधले राजदूत किम डॅरोक यांना ट्रम्प प्रशासनाविषयीचे त्यांचे गोपनीय अहवाल फुटल्यावर पद सोडावं लागलं. यातून बोटचेपं लिहायचं असा धडा घेणारे असतात. तो चुकीचा आहे. परखड लिहिणं हे राजदूताचं कामच. मात्र विशेषणाऐवजी वर्तन लिहा. ‘मंत्री अकार्यक्षम आहेत’ यापेक्षा ‘तीन बैठकांत मंत्र्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर स्वतः दिलं नाही, प्रत्येक वेळी सचिवांकडे पाहिलं’ हे वाक्य दिल्लीला जास्त सांगतं. पेशवाईत दिल्लीला हिंगणे आणि निजामाकडे गोविंदराव काळे यांच्यासारखे वकील पुण्याला पत्रं लिहीत तेव्हाही पत्र वाचणाऱ्याला हेच हवं असे: दरबारात कोण काय बोललं आणि कोण गप्प राहिलं.

मागे ठेवायचे कागद

नोट व्हर्बाल, म्हणजे दूतावासाचं परराष्ट्र खात्याला औपचारिक पत्र, तृतीय पुरुषात असते. सुरुवातीला दूतावास परराष्ट्र खात्याला अभिवादन सादर करतो आणि शेवटी आदराची ग्वाही देतो. सही नसते, आद्याक्षरं आणि शिक्का असतो. क्रमांक, तारीख आणि एका नोटेत एकच विषय. दोन विषय घातले तर नोट दोन विभागांत फिरते आणि कोणीच उत्तर देत नाही. एड-मेम्वार म्हणजे तोंडी सांगितलेल्याचं टिपण, अभिवादनाशिवाय, भेटीनंतर हातात द्यायचं. नॉन-पेपर म्हणजे अनौपचारिक टिपण. त्यावर लेटरहेड, क्रमांक, सही यातलं काहीच नसतं, कारण गरज पडली तर तो आपला नाही असं म्हणता यावं लागतं. तो ईमेलने पाठवण्यापूर्वी फाईलची माहिती उघडून पाहा. कागदावर कुठेही नाव नाही आणि पीडीएफच्या लेखकाच्या रकान्यात मात्र अधिकाऱ्याचं नाव, अशी फजिती होऊ शकते.

कुटुंबाला फोन

दूतावासाच्या कॉन्सुलर विभागात असाल, विशेषतः आखातात, तर तुमचा सर्वांत अवघड संवाद कोणत्याही मंत्रालयात होत नाही. तो रत्नागिरीतल्या किंवा सोलापुरातल्या एखाद्या घरी फोनवर होतो, तिकडे कामाला आलेला त्यांचा माणूस गेल्याचं सांगताना.

फोनपूर्वी ओळख पासपोर्ट क्रमांकावरून पक्की करा. एकाच कंपनीत एकाच नावाची दोन माणसं असतात. घरातलं मोठं माणूस मागा आणि जवळ कोणी आहे का ते विचारा. मराठी कुटुंबाशी मराठीतच बोला. ‘दादा’, ‘ताई’ म्हणायला हरकत नाही, पण आधी पूर्ण नाव आणि हुद्दा सांगा, नाहीतर फसवणुकीचा फोन वाटतो. बातमी दुसऱ्या वाक्यात सांगा. ‘जरा सीरियस आहे’ असं सांगून वेळ काढू नका. त्या चार तासांच्या खोट्या आशेसाठी घरचे तुम्हाला कायम लक्षात ठेवतात. मग गप्प राहा, फोन ठेवू नका.

मृत्यूचं कारण वैद्यकीय किंवा पोलिसांचा अहवाल येईपर्यंत सांगायचं नाही, कोणी कितीही विचारलं तरी. पार्थिव कधी येईल याची तारीखही द्यायची नाही. त्याऐवजी टप्पे सांगा: मृत्यू दाखला, पोलिसांची परवानगी, पासपोर्ट रद्द करणं, एम्बाल्मिंगचा (पार्थिव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचा) दाखला, दूतावासाचं ना-हरकत पत्र. कुटुंबाकडून लेखी संमती लागते. तिचा मजकूर तुम्हीच मोबाइलवर पाठवा. मालक खर्च टाळत असेल, तर गरजू प्रकरणांत २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत होऊ शकते, हे घरच्यांना माहीत नसतं. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवून क्रमांक द्या. आणि पुढचा फोन किती वाजता कराल ते सांगा. त्या वेळी सांगण्यासारखं काही नसलं तरी फोन करा.

घरच्या घरी सराव

संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर सुरक्षा परिषदेच्या बैठका फुकट पाहता येतात. १५ मिनिटांचा तुकडा निवडा. न थांबवता, मागे न नेता ऐका आणि वहीत टिपा. लगेच एका पानाचा अहवाल लिहा. मग त्या बैठकीचं शब्दशः इतिवृत्त काढा; ‘एस/पीव्ही’ क्रमांकाने ते प्रसिद्ध होतं. तुमच्या पानावरचं प्रत्येक क्रियापद आणि आकडा त्याच्याशी ताडून पाहा. पहिल्या काही प्रयत्नांत धक्का बसेल: ‘आवाहन’ची ‘मागणी’ झालेली असेल, अर्धवट पाठिंबा पूर्ण झालेला असेल. आठवड्यातून दोनदा करा आणि चुकांची वेगळी यादी ठेवा. यादीत बहुधा दोन-तीनच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. कोणी आकडे गाळतो, कोणी अटी गाळतो, कोणी सगळं थोडं गोड करून लिहितो.

परराष्ट्र मंत्रालयाच्या पत्रकार परिषदांचे शब्दांकित मजकूरही संकेतस्थळावर असतात. नुसते प्रश्न वाचा, उत्तर झाकून ठेवा, स्वतःचं उत्तर मोठ्याने रेकॉर्ड करा आणि मग प्रवक्त्याच्या उत्तराशी तुलना करा. तुमचं उत्तर जवळजवळ नेहमी लांब निघेल. कुठे लांबलं ते पाहा. बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यानंतर, जिथे प्रवक्ता थांबलेला असतो.

नेमून दिलेल्या परदेशी भाषेसाठी रोज त्या भाषेतल्या वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या आणि त्याच भाषेत ८० शब्दांत त्याचा गोषवारा लिहा. शिक्षकाला व्याकरण तपासू द्या. लेखकाचा मुद्दा सुटला का, ते मात्र तुमचं तुम्ही तपासायचं.